पहिला हात मुलाणीनानांचा

आमच्या वाडीत मतदान असो की जत्रा, पहिला हात मुलाणीनानांचा. मतदानाच्या दिवशी शाळेचं दार उघडायच्या आधी ते व्हरांड्यात उभे असायचे. अंघोळ केलेली, पांढरं धोतर, डोक्याला ठेवणीतला लाल पटका. मतपेटी घेऊन आलेले कर्मचारी अजून चहाच पीत असायचे. नाना त्यांना म्हणायचे, "निवांत प्या. मी हाय हितंच." मग गाव यायचं आणि त्यांच्या मागे रांग लागायची. त्यांच्या पुढे कुणी उभं राहत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं. शाई लावलेलं बोट ते दिवसभर कशाला लागू देत नसत. मत कुणाला दिलं असं विचारलं की म्हणायचे, "ते म्या काकीलाबी सांगत न्हाई. ती बी मला सांगत न्हाई. म्हून तर संसार टिकलाय."

आमची वाडी गुंजवण्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधे. सगळी मराठ्यांची घरं आणि एक मुसलमान घर, मुलाण्यांचं. मुलाणी म्हणजे कोण हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चैत्रात जननीदेवीची जत्रा भरते, घरोघरची नवसाची बकरी असतात, आणि मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय ते मटण आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही. नानांच्या आधी त्यांचे वडील होते, त्यांच्या आधी आजोबा. बदल्यात कातडं आणि मटणाचा वाटा. पैसा कधी कुणी दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. तो व्यवहार नव्हता, मान होता.

नानांची एक रीत होती. बकरं समोर आलं की आधी जर्मनच्या पातेल्यात पाणी. सुरी तोवर उपरण्याखाली झाकलेली. जनावर पाणी पिऊन मान वर करीपर्यंत ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. एखादा पोरगा घाई करायला लागला तर म्हणायचे, "अरं, बकऱ्याला घाई न्हाई, तुला कसली रं?" आणि मग ते एकच वाक्य, जे मी लहानपणापासून प्रत्येक जत्रेत ऐकलं, "जनावराला आदी पानी, मग सुरी. सुरी दावून पाजलेलं पानी नरड्याखाली उतरत न्हाई."

बारावी पास झाल्यावर मी भोरला कॉलेजात गेले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडिलांना मी दादा म्हणते. ते मला एसटीत बसवायला आले, तसे नानाही आले. काकींनी दिलेली खारीक-खोबऱ्याची पुरचुंडी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "शिकून सायेब हो पोरी. पर हुशील तवा म्होरं आलेल्या मानसाला उबं ठिवू नको. आदी बस म्हनावं, मग काय ते इचारावं." मला तेव्हा ते साधं बोलणं वाटलं. कचेरीत जाऊन उभं राहायची वेळ आली तेव्हा कळलं की हे त्यांनी किती ठिकाणी उभं राहून शिकून घेतलं असेल.

त्याच सुमारास मतदाराच्या फोटोच्या ओळखपत्राचं काम निघालं. कॅमेरावाले शाळेत आले, मागे पडदा बांधला. पहिला नंबर अर्थातच नानांचा. कॅमेरावाला म्हणाला, "आजोबा, फेटा काढा, चेहरा नीट दिसू द्या." नाना म्हणाले, "फेटा काढल्याव गाव वळखनार न्हाई मला." सगळे हसले आणि फोटो पटक्यासकट निघाला. त्या सुट्टीत मी घरी होते. माझंही नाव यादीत नव्यानं आलं होतं. ते कसं आलं हे मला माहीतही नव्हतं. गुरुजींनी घरोघर फिरताना दादांना विचारलं, पोरगी अठराची झाली का, दादा म्हणाले झाली, आणि नाव आलं.

काही महिन्यांनी ओळखपत्रं आली. माझं आलं, दादांचं आलं. मुलाण्यांच्या घरी एकही आलं नाही. त्यांच्याकडे आली नोटीस.

नाना ती घडी न मोडता माझ्याकडे घेऊन आले. त्यांना वाटलं होतं की कार्ड न्यायला बोलावलंय. "वाच," म्हणाले, "कवा जायाचं त्ये बग." मी वाचलं. आपण या गावचे रहिवासी व भारताचे नागरिक नाही अशी हरकत आली आहे, तरी पुराव्यासह हजर राहावे, असं त्यात होतं. हरकत घेणाऱ्याचं नाव खाली होतं. बापू.

बापू म्हणजे वाडीतलं मोठं घर. ग्रामपंचायतीला त्यांचं पॅनेल थोडक्या मतांनी पडलं होतं. मुलाण्यांच्या घरची मतं आपल्याला पडली नाहीत असा त्यांचा हिशोब होता. मुंबईत बाहेरदेशच्या लोकांची नावं यादीतून काढतायत, असं त्या दिवसांत पेपरात येत होतं. बापूंनी ते वाचलं आणि त्यांना वाट सापडली. नानांना मी हे सगळं हळूहळू सांगितलं. त्यांनी नोटिशीची पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाले, "मी हितला न्हाई, तर बापूच्या बारशाचं बकरं कुनी केलं हुतं?"

"ते चालायचं नाही नाना," मी म्हणाले. "कागद लागेल."

"कंचा?"

मी यादी वाचत गेले. जन्माचा दाखला. नाना घरात जन्मले, संस्थानाच्या काळात, त्याची नोंद कुणी केली असेल तर ते दप्तर आता कुठं आहे हे कचेरीतही कुणाला सांगता येत नव्हतं. शाळेचा दाखला. शाळेत ते गेले फक्त मत द्यायला. जमिनीचा उतारा. मुलाणकीचा इनाम तुकडा वडिलांच्या वेळीच कुळाच्या नावावर गेला होता. रेशनकार्डाचा उपयोग नाही, असं खाली मुद्दाम लिहिलं होतं. शेवटी होतं पासपोर्ट.

"त्यो काय असतो?"

"परदेशात जायला लागतो."

नाना म्हणाले, "म्हंजी भाईर जायाचा कागद असंल, तर मी हितला. न्हाई तर मी भाईरचा. बेस हाय."

मी कॉलेजात ही गोष्ट वर्गातल्या मुलांना सांगितली. वाद झाला. एकजण म्हणाला, "कागद मागितला तर बिघडलं काय? खरा असेल त्याला भीती कसली?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज देते. यादी खरी असावी, हे मलाही मान्य आहे. खोटी मतं पडतात, मी पाहिली आहेत. बापूंचे चुलते वारले तेव्हा मी शाळेत होते, त्यांच्या तेराव्याला मी जेवलेय, आणि ते त्यानंतरही प्रत्येक निवडणुकीत मत देत होते. त्यांच्या नावावर कधी कुणी हरकत घेतली नाही. मेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही आणि जिवंत माणसाला म्हणतात की तू जन्मलास हे सिद्ध कर. खऱ्याला भीती कशाची म्हणता, तर खऱ्याकडे कागद नसतो याची. आणि कागद सगळ्यांकडे मागत नाहीत, याची. माझ्या दादांकडेही जन्माचा दाखला नाही. आमच्या अख्ख्या वाडीत त्या पिढीतल्या एकाकडेही नाही.

नोटिशीत एक सोय होती. कागद नसेल तर गावातल्या जाणत्या माणसांनी समक्ष येऊन सांगावं. हे ऐकल्यावर वाडीला हायसं वाटलं. पारावर म्हातारी माणसं म्हणाली, "दोघं-चौघं कशाला? समदं गाव येतं. नाना, तुमी काय बी घोर करू नका." दादाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. हेच मला आजही सगळ्यात जास्त छळतं. त्या वेळी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

पण तारीख पडली ती नेमकी जत्रेच्या दिवशी. बापूंनी ती तशी पाडून घेतली असं काही जण म्हणतात. मला ठाऊक नाही.

देवळात बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, नानांना जाऊ द्या, नसरापुरातून खाटीक आणू. त्यावर गुरवबाबा ताडकन म्हणाले, "परका हात देवीला चालायचा न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना परके नाहीत, हे तिथं इतकं पक्कं होतं की त्यावर एक शब्दही बोलावा लागला नाही. मग ठरलं असं की सकाळी बकरी उरकायची आणि दुपारी टेम्पोनं सगळ्यांनी भोरला जायचं. नाना म्हणाले, "आदी देवीचं. कचेरी काय पळून जाती व्हय?" मी भोरलाच होते, म्हणून मला निरोप आला की सकाळी कचेरीत जा, साहेबांना सांग, मंडळी दुपारी येतायत.

मी गेले. बापू माझ्या आधीच आले होते, इस्त्रीच्या कपड्यात, खुर्चीवर. मला कुणी बस म्हणालं नाही. पुकारा झाला तेव्हा मी पुढे होऊन सगळं सांगितलं. जत्रा, नवस, मुलाण्याचा मान. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईट वागले असं नाही. हसले जरासे. "अगं मला काय सांगतेस? आमच्या गावीही मुलाणीच लागतो. पण सामनेवाला हजर पाहिजे. कायद्यात जत्रा नाही."

"दुपारपर्यंत थांबा साहेब. सगळं गाव येतंय."

बापू हसून म्हणाले, "लेक आमच्याच वाडीची हाय, सायेब. बारकी हाय. तिला कळत न्हाई अजून."

तरी मी म्हणाले, "साहेब, माझं नाव यादीत आलं तेव्हा मला कुणी पुरावा विचारला नाही."

साहेब कागद उलटत म्हणाले, "तुझ्या नावावर कुणी हरकत घेतली नाही ना."

एवढंच. सगळा कायदा त्या एका वाक्यात होता. नाना या देशाचे की नाहीत हे ठरवायला त्या खोलीत एकच माणूस पुरेसा होता, आणि तो खुर्चीवर बसला होता.

बापू दुपारच्या आत निघून गेले. मी कचेरी बंद होईपर्यंत बाहेर लिंबाखाली थांबले. प्रत्येक टेम्पोकडे बघत होते. आमच्या वाडीचा एकही आला नाही. शिपायानं दार ओढून घेताना सांगितलं, "सामनेवाला गैरहजर. नावं कमी."

संध्याकाळच्या एसटीनं वाडीला पोचले तेव्हा पंगत बसली होती. झालं होतं ते अगदी साधं. बकरी यंदा जास्त होती. मग मटण शिजायला हवं होतं. मग टेम्पोवाल्याला मोठी भांडी आणायला पाठवलं. मग पाहुणे आले. गावानं नानांना सोडलं नाही, आणि सोडलं असतं तरी बरोबर यायला कुणाचे हात मोकळे नव्हते. पंगतीत बापू बसले होते. त्यांच्या पत्रावळीवर वाढपी तांबड्या रश्शातलं मटण वाढत होता. सकाळी कचेरीत ज्या माणसाला त्यांनी परदेशी म्हटलं होतं, त्याच्याच हातचं. आणि ते जेवत होते. रश्शाला तिखट कमी पडलंय, असंही म्हणाले.

नाना कडेला दगडावर सुरी धूत होते. "पुढची तारीख दिली का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. पंगतीतली माणसं ऐकत होती. दादा म्हणाले, "नाव काय, परत घालता येतंय की. फारम भरू." दुसरं कुणीतरी म्हणालं, "व्हय व्हय, भरू की." कुणाचाही हात पानावरून उठला नाही. नानांनी सुरी पुसली, उपरण्यात गुंडाळली आणि वाटा न घेता घरी गेले. काकी देवळाच्या दारात पातेलं घेऊन उभ्या होत्या. ते त्यांनी रिकामंच परत नेलं.

फॉर्म भरला, मीच भरला. पण बापूंनी पुन्हा हरकत घेतली, आणि तोवर निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी नाना पटका बांधून शाळेत हजर. मी म्हणाले, नाना, नाव नाही. म्हणाले, "इचारून तर बगू." दार उघडलं. कर्मचाऱ्यानं यादी खालीवर केली आणि बाजूला व्हायला सांगितलं. नाना यादीत नव्हते. बापूंचे चुलते होते. उमेदवाराच्या माणसानं ते नाव हळूच वाचलं तेव्हा नानांना ऐकू गेलं. ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "त्येचं बरं हाय. मेल्याला कागद लागत न्हाई." कुणी हसलं नाही. ते व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले, आणि सगळं गाव त्यांच्या अंगावरून आत जाऊन बोटं काळी करून आलं. मीही. ते माझं पहिलं मत होतं. आत उभी असताना शिक्का हातात धरून मला एकच सुचत होतं, की हा हक्क मला मिळाला तो मी काही केल्यामुळे नाही, माझ्यावर अजून कुणाचा राग नाही म्हणून.

त्या वर्षी नाना आणि काकी वाडी सोडून कापूरहोळला धाकट्या मुलाकडे, रफिककडे गेले. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. मागे भाड्याच्या दोन खोल्या. मी भोरहून येता-जाता तिथं उतरायचे. एकदा नानांनी खिशातून ओळखपत्र काढून दाखवलं. रफिकनं लाइटचं बिल आणि घरमालकाची चिठ्ठी दिली होती, तेवढ्यावर झालं होतं. फोटोत पटका होता. मी आनंदानं म्हणाले, "नाना, इथं कुणी अडवलं नाही?"

"हितं कोन वळखतंय मला?" ते म्हणाले. "म्हून तर नाव हाय." आणि कार्ड खिशात ठेवून टायर धुवायच्या टाकीकडे वळले. कापूरहोळच्या रांगेत ते कधी पहिले उभे राहिले नाहीत. मधेच कुठंतरी असायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

गेल्या पावसाळ्यात ते वारले. मला कळेपर्यंत माती झाली होती, तिकडेच, कापूरहोळच्या अंगाला. त्यांचे आजा आणि बा आमच्या वाडीत ओढ्याकाठी पुरलेले आहेत. तिथं न्यावं असं त्यांनी मागे सांगून ठेवलं नव्हतं. वाडीतली माणसं हळहळली, म्हणाली, लई चांगला माणूस हुता. मला ती हळहळ ऐकवेना. आता नसरापूरचा खाटीक येतो, पैसे घेतो, आणि देवीला परका हात चालतो. मी माणसांशी बोलताना आधी बसा म्हणते, तेवढं मात्र त्यांचं माझ्याकडे राहिलं आहे.

माझ्या मनात नाना आहेत ते त्यांनी वाडी सोडल्यानंतरच्या पहिल्या जत्रेच्या आधीचे. गावची चार माणसं नारळ घेऊन त्यांना न्यायला कापूरहोळला आली होती. गुरवबाबा होते, दादा होते. मी भोरहून येऊन त्यांना तिथं भेटले होते. नानांनी सगळ्यांना बाकावर बसवलं, एकासाठी टायर आडवा टाकला. खुशाली विचारली, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं भात कसं झालं. नारळ गुरवबाबांच्या हातातच होता. ते बोलायला लागले की नाना म्हणायचे, "थांबा वो, उन्हाचं आलाय." मग आत जाऊन त्यांनी स्वतः तांब्या आणि पेले आणले, प्रत्येकाच्या हातात दिले, आणि समोर उकिडवे बसून सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत बघत राहिले. दादांनी शेवटचा घोट घेतला.

"पेला का समद्यांनी?" नानांनी विचारलं.

"पेलो," गुरवबाबा म्हणाले.

"मग ऐका. मी येनार न्हाई."

हायवेवरून एक ट्रक गेला. दादांनी, गुरवबाबांनी, सगळ्यांनीच नानांच्या उपरण्याकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. रिकामे पेले हातात धरून आमचं गाव तसंच बसून राहिलं.